गच्ची एक, कामं दोन: पांढरं कोटिंग, सोलर ड्रायर आणि लोणच्याच्या बरण्या

मे महिन्याचा तिसरा आठवडा लागला की मराठवाड्यात गच्चीला मोकळा श्वास मिळत नाही. वळवाचा एखादा सडाका येऊन गेलेला असतो, गळकी जागा कुठली हे त्यानं दाखवलेलं असतं आणि रोहिण्या तोंडावर असतात. त्याच आठवड्यात परसातली कैरी पाडाला येण्याच्या बेतात असते, गवार जून व्हायला लागते, टोमॅटो एकदम पिकतो. मिरगाच्या आत छत आवरायचं आणि कैरी पिवळी पडायच्या आत बरणी भरायची, ही दोन्ही कामं एकाच शनिवार-रविवारी एकाच गच्चीवर येऊन आदळतात.

या कामांसाठी बाजारात हमखास विकत घेतल्या जाणाऱ्या तीन वस्तूंचा हा हिशेब: छताचं पांढरं वॉटरप्रूफ कोटिंग, चार ट्रेचा घरगुती सोलर ड्रायर आणि बरण्या. कंपन्यांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. मोंढ्यातल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात एकाच जातीच्या चार-पाच बादल्या शेजारीशेजारी उभ्या असतात. त्यांच्यातला खरा फरक पुढच्या चित्रात नसतो, मागच्या बारीक अक्षरात असतो.

निकाल आधीच सांगून टाकतो. कोटिंगला पाचपैकी चार, पण पूर्वतयारी केली तरच, नाहीतर दीड. सोलर ड्रायरला मे महिन्यासाठी अडीच आणि भाद्रपदासाठी चार. बरण्यांत चिनीमातीची जुनी बरणी आजही पहिली, फक्त ती पारखून घ्यावी लागते.

कोटिंग: बादली कमी, पटाशी जास्त

पांढरं कोटिंग म्हणजे ॲक्रिलिकचा रबरासारखा ताणणारा थर. २० लिटरच्या बादलीवर दोन हातांत ५००-६०० चौरस फूट असं लिहिलेलं असतं. ते खरं आहे, पण गुळगुळीत घोटलेल्या पृष्ठभागासाठी. आपल्याकडे बहुतेक गच्च्यांवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांवर सिमेंट घोटलेला थर) असतो आणि दहा-पंधरा वर्षांत त्याचं वरचं सिमेंट झिजून वाळू उघडी पडलेली असते. असा खरखरीत कोबा रंग पितो. तिथं बादलीला ४००-४५० चौरस फूट धरा. शेवटची शंभर फूट राहिली म्हणून उरलेल्या मालात पाणी ओतून पुरवलं की नेमकी तीच शंभर फूट पुढच्या वर्षी पापुद्रे धरतात.

हा थर किती पातळ असतो ते एकदा मोजून पाहावं. लिटरमागे ३० चौरस फूट धरले तर ओला थर साधारण ०.३५ मिलिमीटर होतो आणि सुकल्यावर ०.२ मिलिमीटर राहतो. पोस्टकार्डाएवढी जाडी. एवढ्या थराकडून केसासारख्या चिरा झाकल्या जातात, बोट जाईल अशी भेग नाही. स्लॅबमधलं लोखंड गंजून खालचा गिलावा फुगला असेल, तर वरून बादल्या ओतून काहीही होणार नाही. ते काम गवंड्याचं आहे. भिंतीला खालून लोणा चढत असेल तर त्याचाही गच्चीशी संबंध नाही.

म्हणून चिरा आधी. प्रत्येक चीर पटाशीनं किंवा ग्राइंडरनं इंग्रजी व्ही आकारात ५ मिमी रुंद आणि तेवढीच खोल करायची. चिरेला रुंद करायचं म्हटलं की लोक बिचकतात, पण तोंड उघडल्याशिवाय भरण आत जात नाही, नुसतं वर लिंपलं जातं आणि पहिल्या उन्हात निघतं. धूळ ब्रशनं झाडून ५ मिमीपर्यंतच्या चिरेत ॲक्रिलिक क्रॅक फिलर दाबून भरा. त्याहून मोठी असेल तर सिमेंट-वाळूत पॉलिमर मिसळून भरा. कठडा आणि स्लॅब जिथं भेटतात तो काटकोन हा गळतीचा मुख्य दरवाजा. तिथं पॉलिमरच्या मसाल्याचा गोलसर वाटा मारून घ्या आणि त्यावर पहिल्या हातातच फायबरची जाळी दाबून बसवा. पाणी उतरायच्या पाइपाच्या तोंडाभोवतीही हेच करायचं. सगळी गच्ची चकाचक पांढरी करून हे तोंड तसंच सोडलेलं काम दर दुसऱ्या घरी दिसतं.

शेवाळाचे काळे डाग ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं घासून काढायचे आणि भरपूर पाण्यानं धुवायचे. सिमेंटचे ठिपके काढायला काही जण ॲसिड वापरतात. ब्लीचिंग आणि ॲसिड एकाच दिवशी, एकाच बादलीत किंवा एकाच ओल्या जागेवर कधीही नको. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंदिस्त जिन्यात तो जिवावर बेततो.

आता वेळ. मे महिन्याच्या दुपारी कोब्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. तशा तापलेल्या जमिनीवर कोटिंग लावलं की त्यातलं पाणी झटक्यात उडतं, थर एकसंध जमायला वेळच मिळत नाही आणि सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहतात. पाऊस त्यांतून आत जातो, नंतर ऊन पडलं की वाफ होऊन वर येते आणि कोटिंगला फोड येतात. त्याला कंपनी नाही, दुपारचे बारा जबाबदार असतात. काम सकाळी साडेआठच्या आत किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर. पहिला हात पाणी घालून पातळ, किती ते बादलीवरच्या सूचनेनुसार. तो अस्तराचं काम करतो. पुढचे दोन हात पाण्याशिवाय, एक आडवा आणि एक उभा, मध्ये किमान चार ते सहा तास. अस्तरासाठी पाणी शक्यतो पिण्याचं घ्या, बोअरचं क्षाराचं नको. बादली उघडल्यावर काठीनं तळापर्यंत ढवळा. पांढरा भाग खाली बसलेला असतो, वरवर ढवळून लावला की पहिले शंभर फूट दुधाळ आणि शेवटचे शंभर दह्यासारखे होतात.

विकत घेताना झाकणावरची तारीख बघा. पत्र्याच्या गोदामात दोन उन्हाळे काढलेली बादली स्वस्त मिळते. उघडल्यावर आंबूस वास आला किंवा रवाळ गोळे दिसले तर परत करा. ‘कूल रूफ’ असं लिहिलेलं असेल तर एसआरआय हा, ऊन परतवून छत किती गार राहतं ते सांगणारा आकडा विचारा. पांढऱ्या चांगल्या कोटिंगचा तो १०० च्या आसपास किंवा वर असतो. खोलीत फरक पडतो हे खरं, रात्री पंख्याखाली छताची धग कमी जाणवते. पण आपल्याकडच्या धुळीनं वर्षभरात पांढऱ्याचं मातकट होतं आणि धग पुन्हा वाढते. फेब्रुवारीत एकदा खराट्यानं आणि साध्या पाण्यानं धुतली तर बराच गुण परत येतो. विकणारा हे सांगत नाही.

काम झाल्यावर पाणी कोंडून चाचणी घ्या असं पुस्तकात असतं. ५०० चौरस फुटांवर एक इंच पाणी म्हणजे जवळपास १,२०० लिटर. ज्या भागात २०१६ साली लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं मे महिन्यात हे कुणाला सांगायचं? मार्ग साधा आहे. पाण्याच्या पाइपाचं तोंड कापडाच्या बोळ्यानं बंद करा, त्याच्या भोवती तीन फूट बाय तीन फुटांचा मातीचा बांध घाला आणि दोन इंच पाणी भरा. ४२ लिटर लागतात. २४ तास ठेवा आणि खालच्या खोलीत छत बघा. गळती असली तर दहातल्या आठ वेळा इथेच दिसते. नंतर ते पाणी कढीपत्त्याला घालायचं.

पत्र्याच्या घरांना हा सल्ला तसाच्या तसा लागू नाही. पत्रा गळतो तो बहुतेक जे-हुकच्या बोल्टाखालचं वायसर वाळून तडकल्यामुळे. वायसर बदला, गंज वायर ब्रशनं काढा, आधी गंजरोधक प्रायमर मारा आणि मगच पांढरं. सिमेंटचा जुना पत्रा मात्र कोरडा घासू नका. जुन्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात बसते. आणि माळवदाच्या, म्हणजे लाकूड-मातीच्या सपाट छताच्या घरावर हे कोटिंग अजिबात नको. पांढऱ्या मातीला श्वास लागतो. वरून रबर लावलं की ओल आत कोंडते आणि मातीखालची लाकडी किलच (तुळयांवरच्या फळ्या) कुजायला लागते. माळवदाला दरवर्षी नवी माती हाच इलाज.

आधी काय, मग काय

शनिवार-रविवारचं गणित इथंच बिघडतं. चिरा खरवडताना उडालेली सिमेंटची धूळ शेजारी पसरलेल्या फोडींवर बसते आणि ती झटकून जात नाही. नवं कोटिंग हाताला सुकं लागलं तरी पूर्ण पक्कं व्हायला पाच ते सात दिवस लागतात. तोवर त्यावर ड्रायरचे टोकदार पाय, खाट किंवा बाज ठेवली की खड्डे पडतात, आणि वाळवणाचं प्लास्टिक अंथरलं तर ते चिकटतं. म्हणून खरवडणं आणि धुणं शुक्रवारी संध्याकाळी. शनिवारी सकाळी चिरा आणि वाटा, संध्याकाळी अस्तर. रविवारी सकाळी एक हात, संध्याकाळी दुसरा. या मधल्या उन्हाच्या वेळेत घरात बसून लोणच्याचं काम होतं, ज्याला गच्ची लागतच नाही. वाळवण त्या आठवड्यात अंगणात, आणि ड्रायर पुढच्या शनिवारी वर चढवायचा. चढवताना पायांखाली जुन्या टायरचे हातभर तुकडे ठेवायचे.

सोलर ड्रायर: पत्रकातले १० किलो

बाजारात मिळणारा घरगुती ड्रायर म्हणजे वरून तिरकं पॉलिकार्बोनेट, आत काळा रंग दिलेला पत्रा, चार जाळीचे ट्रे, खाली हवा आत यायची फट आणि वर बाहेर पडायची फट. काहींत ५-१० वॅटच्या सोलर पॅनेलवर चालणारा छोटा पंखा असतो. पंखा असलेलाच घ्या, कारण वाळवतो तो वारा, उष्णता नुसती मदतनीस.

पत्रकात ‘एका दिवसात १० किलो’ लिहिलेलं असतं. हिशेब मांडून बघू. कैरीच्या फोडीत साधारण ८५ टक्के पाणी. १० किलोत साडेआठ किलो पाणी उडवायचं. किलोभर पाण्याची वाफ करायला साधारण ०.६५ युनिट ऊर्जा लागते, म्हणजे साडेपाच युनिट. मेच्या स्वच्छ दिवशी एका चौरस मीटरवर दिवसभरात पडणारं सगळं ऊन साधारण सहा युनिटचं. त्यातला पाव ते तिसरा हिस्सा कामी लावला तरी ड्रायर चांगला म्हणायचा. आता सांगा, मीटरभर काचेत १० किलो एका दिवसात कसे वाळणार? दोन फूट बाय दीड फुटाच्या ट्रेवर एक ते सव्वा किलो फोडी पातळ एका थरात, असे चार ट्रे म्हणजे चार-पाच किलो, आणि दोन दिवस. एवढं मान्य असेल तर घ्या.

बारकावा पुढे आहे. मराठवाड्यात मेच्या दुपारी हवाच इतकी कोरडी असते की सुती धोतरावर पसरलेलं वाळवण दोन दिवसांत खणखणतं. तिथं ड्रायर वाळवायचं काम फारसं लवकर करत नाही. तो धूळ, माश्या, चिमण्या, दुपारची वावटळ आणि अवचित आलेला वळीव यांपासून राखतो. म्हणजे मे महिन्यात तो महागडं झाकण आहे. त्याची खरी किंमत कळते ती गणपतीच्या आसपास, हवेत दमटपणा असताना, जेव्हा उघड्यावर ठेवलेल्या मिरचीला तिसऱ्या दिवशी बुरशी धरते. वर्षातून एकदाच कुरडया-पापड करणाऱ्या घरानं ड्रायर घेऊ नये. कुरडई ट्रेच्या जाळीला चिकटते आणि तिचे तुकडे पडतात. तिला प्लास्टिकचा कागदच बरा. ज्यांच्या परसात शेवगा, आवळा, मिरची, टोमॅटो, लिंबू असं वर्षभर काही ना काही निघतं, त्यांच्यासाठीच ही वस्तू आहे.

घेताना तीन गोष्टी हातानं तपासा. पहिली, जाळी. गॅल्व्हनाइज्ड म्हणजे जस्त चढवलेली जाळी दिसायला चकचकीत आणि स्वस्त असते, पण कैरी, लिंबू, आवळा, टोमॅटो यांचं आम्ल जस्त खातं आणि ते फोडीत उतरतं. ३०४ प्रतीचं स्टेनलेस स्टील मागा. दुसरी, पॉलिकार्बोनेटची बाजू. उन्हापासून वाचवणारा थर बहुतेक शीटच्या एकाच बाजूला असतो आणि त्या बाजूच्या संरक्षक प्लास्टिकवर छापलेलं असतं. जोडणारा घाईत ते प्लास्टिक ओढून टाकतो आणि शीट उलटी बसवतो. मग दोन उन्हाळ्यांत ती पिवळी पडून तडकते. जोडणी समोर उभं राहून करून घ्या. तिसरी, स्क्रूची भोकं. पॉलिकार्बोनेट ४० अंशांच्या फरकानं मीटरला अडीच मिलिमीटर वाढतं, म्हणून भोक स्क्रूपेक्षा दोन-तीन मिमी मोठं हवं आणि रबरी वायसर लावून स्क्रू हलकाच आवळलेला हवा. करकचून आवळलेल्या शीटला स्क्रूपाशीच चीर जाते. काचेऐवजी पॉलिकार्बोनेटच का, याचं उत्तर ज्यांनी २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट पाहिली त्यांना विचारायची गरज नाही. धुताना साबणाचं पाणी आणि मऊ फडकं. थिनर लागलं की शीट दुधाळ होते.

ड्रायरचं तोंड दक्षिणेला. कायमचा उतार २० अंशांच्या आसपास ठेवला की आपल्या अक्षांशाला बरोबर बसतो. मेच्या मध्याला सूर्य दुपारी थेट डोक्यावर असतो, तेव्हा थोडा सपाट झाला तरी चालतो.

वापरताना सर्वांत मोठी चूक म्हणजे लवकर वाळावं म्हणून फटी बंद ठेवणं. आतलं तापमान ६५ अंशांच्या पुढे गेलं की फोडीचं बाहेरचं कातडं कडक होतं आणि आतलं पाणी आतच अडकतं. हाताला खडखडीत लागते, डब्यात भरली की आठव्या दिवशी पांढरी बुरशी. फोडी ५-६ मिमी जाडीच्या, सगळ्या सारख्या. आत स्वयंपाकाचा साधा प्रोब थर्मामीटर खोचून ठेवा आणि ५० ते ६० अंश धरून फटी कमी-जास्त करा. दुपारी एकदा वरचे ट्रे खाली आणि खालचे वर. गवार आणि भेंडी आधी मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं काढून मग वाळवायची, नाहीतर वर्षभरात गवताचा वास येतो. हे पाणी बोअरचं असेल तर गवार चिवट होते. क्षारातलं कॅल्शियम शेंगेच्या सालीला कडक करतं. शेवग्याचा पाला आणि कढीपत्ता थेट उन्हात ठेवायचा नाही. तो सर्वांत खालच्या ट्रेवर, वर पातळ काळं कापड टाकून. हिरवा रंग राहिला तरच तो पाला कामाचा.

वाळलं की लगेच डब्यात दाबून भरू नका. काचेच्या बरणीत दोन तृतीयांश भरा, झाकण लावा आणि आठ-दहा दिवस रोज हलवा. आत काचेला दव दिसलं तर पुन्हा एक दिवस उन्हात. साल-कोयीसकट किलोभर कैरीची आंबोशी (वाळलेल्या फोडी) शे-सव्वाशे ग्रॅम उतरते. त्यापेक्षा जास्त उतरली तर आनंदी होऊ नका, ती ओली आहे.

लोणचं: मीठ मोजा, तेल ओळखा

लोणच्याला गावरान कैरीच. केशर हा खायचा आंबा. त्याच्या कैरीत आंबटपणा कमी आणि फोड लवकर लोळागोळा होते. भाजीबाजाराबाहेर किलोवर कैरी फोडून देणारे अडकित्ता घेऊन बसलेले असतात आणि ही सेवा पैसे वाचवणारी आहे. मात्र कैऱ्या घरून धुऊन, पुसून, कोरड्या करून न्या. तिथं त्या धुतल्या जात नाहीत आणि फोडल्यावर धुतल्या तर लोणचं नासतं. अडकित्त्याचं पातं लोखंडी असतं आणि कैरीतल्या तुरटपणामुळे कडा काळपट होतात. दर पाच-सहा कैऱ्यांनंतर पातं पुसायला सांगा. घरी आल्यावर कोयीचा पापुद्रा फोडीवरून काढून टाका, कडवटपणा तोच देतो.

किलोभर फोडींना: खडे मीठ कुटून १८० ते २०० ग्रॅम, मोहरीची डाळ १००, तिखट ७५ ते १००, तळून कुटलेली मेथी २०, वसमतची हळद २०, हिंग १० ग्रॅम आणि तेल ३०० ते ३५० मिलिलिटर. अर्धं मीठ आणि सगळी हळद चोळून फोडी रात्रभर झाकून ठेवायच्या. सकाळी सुटलेला खार बाजूला काढायचा आणि फोडी सावलीत कापडावर दोन-तीन तास. वरचं पाणी गेलं पाहिजे, फोड सुरकुतता कामा नये. मग मसाला, उरलेलं मीठ आणि काढलेला खार थोडा थोडा परत. मिठाचं हे माप जास्त वाटतं, पण फोडीतल्या पाण्यात मीठ १५ टक्क्यांच्या वर राहिलं तरच वर्ष निघतं. रक्तदाबामुळे मीठ निम्मं करायचं असेल तर खुशाल करा, फक्त ती बरणी फ्रिजमध्ये ठेवा आणि महिन्याभरात संपवा.

तेलाबद्दल एक मतभेदाची गोष्ट. मराठवाड्यात करडईच्या घाण्याच्या तेलाचा मान मोठा. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा ‘परभणी कुसुम’ हा वाण शेतकऱ्यांना तोंडपाठ आहे. पण साध्या करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल फार, त्यामुळे ते हवेत आणि उजेडात लवकर खवट होतं. तक्कूला किंवा दोन महिन्यांत संपणाऱ्या लोणच्याला करडई छान. वर्षाच्या बरणीला शेंगदाण्याचं बरं. तेल धूर येईपर्यंत तापवून पूर्ण गार करायचं आणि फोडींच्या वर बोटाच्या पेराएवढं उभं राहील इतकं घालायचं. चार दिवसांनी फोडी तेल पितात आणि पातळी खाली जाते, तेव्हा पुन्हा तापवून गार केलेलं तेल ओता. वर डोकावणाऱ्या फोडीवरच बुरशी येते.

लसूण नुसता तेलात बुडवून महिनोन्‌महिने बाहेर ठेवायची एक नवी टूम निघालीय. ती धोक्याची आहे. तेलाखाली हवा नसते, लसणात आम्ल नसतं आणि बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूंना नेमकं तेच लागतं. विष तयार झालं तरी वास-चव बदलत नाही. लसूण घालायचाच तर लोणच्याच्या मिठात आणि आंबटात. उकडलेली गवार किंवा मटार पाण्यात बुडवून बाटलीत बंद करणं याच कारणासाठी नको, भाजी वाळवा. टोमॅटोची प्युरी भरायची तर अर्ध्या लिटरला एक मोठा चमचा लिंबाचा रस घाला, म्हणजे आंबटपणा सुरक्षित पातळीला येतो.

पन्ह्याचा अर्क टिकवायला पोटॅशियम मेटाबायसल्फाइट मिळतं. लिटरला ०.६ ग्रॅम, बस. चमच्यानं मोजायची ही वस्तू नाही, एका चहाच्या चमच्यात याच्या कितीतरी पट मावतं. दागिने तोलायच्या छोट्या काट्यावर मोजा, चमचाभर पाण्यात विरघळवा आणि अर्क गार झाल्यावर घाला. घरात दमेकरी असेल तर हे टाळा. जांभळाच्या सरबताला चालत नाही, रंग उडवतं.

साखरआंब्याचा पाक किती झाला हे तारेवर ठरवणारे ठरवोत. थर्मामीटरवाल्यांनी मात्र पुस्तकातले १०५ अंश धरू नयेत. तो आकडा समुद्रसपाटीचा. छत्रपती संभाजीनगर किंवा लातूर इतक्या उंचीवर आहे की पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून इथं १०३. दोन अंश जास्त गाठायला गेलं की साखरआंबा गार झाल्यावर कडक होतो, आणि मग तो चमच्यानं नाही, उलथण्यानं निघतो.

बरणी

चिनीमातीची बरणी घेताना आतला लेप बोटानं चाचपून बघा. केसाएवढी चीर दिसली तर ती घेऊ नका; मीठ आणि आम्ल त्या चिरेतून मातीत शिरतं आणि बरणी बाहेरून पांढरी फुलते. घरातल्या जुन्या बरणीची परीक्षा सोपी: पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा, सकाळी कागद ओला असेल तर ती बरणी फुलझाडाला. आतून रंगीबेरंगी लेप असलेल्या शोभेच्या बरण्या खाण्याच्या कामाच्या नाहीत, त्या रंगांत शिसं असू शकतं.

काचेच्या बरणीत सगळं दिसतं, बुरशी लगेच कळते आणि ती उकळून घेता येते. १० मिनिटं पाण्यात उकळून उपडी वाळवा. पण तिचं पत्र्याचं झाकण खारानं दोन महिन्यांत गंजतं. झाकण प्लास्टिकचं घ्या किंवा मध्ये केळीच्या पानाएवढं जाड फूड-ग्रेड प्लास्टिक ठेवा. आणि काच म्हणजे उजेड, म्हणून तिची जागा कपाटात. प्लास्टिकची बरणी लोणच्याला नको. एकदा हिंग-मोहरीचा वास धरला की सोडत नाही, आणि मेच्या दिवसांत पत्र्याच्या छपराखाली मऊ पडते.

तोंडाला दादरा बांधायचाच. मांजरपाटाचं दुहेरी फडकं, धुतलेलं आणि कडक वाळलेलं, झाकणाखालून सुतळीनं घट्ट. पहिल्या आठवड्यात बरणी आंबते तेव्हा वायू बाहेर पडायला वाट राहते, झाकण उडत नाही आणि मुंगी आत जात नाही. सुतळी बांधताना गाठ मात्र सरकती ठेवा. दर तीन दिवसांनी ती सोडून लाकडी डावानं तळापासून ढवळायचं आहे.